चार तिथी, तीन तास

हिराबाईंचे पत्र माझ्याकडे वर्षभर पडून होते. निळे आंतरदेशीय पत्र. ओळी सरळ याव्यात म्हणून पेन्सिलीने आखलेल्या रेघा नीट पुसल्या गेल्या नव्हत्या. मजकूर एवढाच:

"गुरुजींस नमस्कार. तुम्ही माझ्या शेऱ्यात 'संशयास्पद' लिहिले. मी उतरवले असेल तर कुठून उतरवले ते कळवावे. फॉर्मची शेवटची तारीख तीस डिसेंबर आहे. हिरा दामू मेहेर, नवापूर."

ते आले पंच्याऐंशीच्या डिसेंबरात. मी ते शब्दकोशात ठेवले. तीस तारीख गेली. कुठून उतरवले ते मला सांगता येत नव्हते, म्हणून मी काहीच सांगितले नाही.

मी मूळचा परभणीकडचा. बोईसरला विज्ञानशिक्षकाची नोकरी लागली तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होतो, आणि समुद्र पाहिला तो त्यानंतर, तोही बसच्या खिडकीतून. निवृत्त झाल्यावर कुणीतरी गळ घातली म्हणून पाम या जवळच्या गावात दर रविवारी दुपारी उजळणी वर्ग घेऊ लागलो. शाळा अर्धवट सुटलेल्या बायका घरी अभ्यास करून सातवीच्या परीक्षेला बसत. त्यांच्या फॉर्मला वर्गशिक्षकाची शिफारस लागे. हिराबाईंना सातवी हवी होती ती नवापूरच्या, म्हणजे त्यांच्या किनाऱ्यावरच्या गावच्या, बालवाडीत मदतनीसाची जागा मिळावी म्हणून. नवरा गेल्यापासून त्या डोक्यावर मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसत. सोबत जाऊबाई येसूबाई. येसूबाईंना परीक्षा द्यायची नव्हती. "आता आलीच हाय, तर बसते," म्हणत त्या बसत. दोघींच्या रिकाम्या पाट्या दाराबाहेर उपड्या असत आणि मांजरे त्यांच्याभोवती.

हिराबाईंविषयीचा संशय हळूहळू वाढत गेला.

पहिल्यांदा श्वसन घेतले. मासे कल्ल्यांनी श्वास घेतात, पाण्याबाहेर मरतात, असे मी सांगितले. हिराबाई म्हणाल्या, "गुरुजी, मग निवटी?"

"निवटी काय?"

"चिखलात असते. बाहेर येते, उड्या मारते. मरत नाय."

"गुरुजींनी खाल्ली नसल," येसूबाई म्हणाल्या, आणि वर्ग हसला.

मी घरी येऊन तीन पुस्तके चाळली. एकातही निवटी नव्हती. पुढच्या रविवारी तरफा. वल्हे ही पहिल्या प्रकारची तरफ, टेकू होडीच्या काठावर, असे मी फळ्यावर काढले. हिराबाईंनी चित्रातल्या टेकूकडे बोट दाखवले. मग म्हणाल्या, "टेकू हलत नाय ना, गुरुजी?"

"नाही."

"होडी तर पुढं जाते. पाण्यात वल्हं रुततं, ते जागेवर ऱ्हातं. मग टेकू तिकडं नाय का?"

घंटा नसताना मी वर्ग सोडला.

सातवीसुद्धा न झालेल्या बाईला असा प्रश्न सुचेल, हे मला खरे वाटेना. कुणीतरी पढवून पाठवते आहे असे वाटले. डोळ्यांसमोर आले एकनाथ सावे. शाळेतले माझे सहकारी, केळव्याचे, दर्याकाठी वाढलेले, हजरजबाबी. मी एकदा वर्गात वाऱ्यांच्या दिशा उलट शिकवल्या, ते त्यांनी शिक्षकांच्या खोलीत दोन वर्षे पुरवून पुरवून सांगितले होते. मला उघडे पाडायला ते या बाईला प्रश्न देतात, असे मी मनाशी पक्के केले. पुरावा कसलाही नव्हता. माझ्या अज्ञानाची मला इतकी खात्री होती की ते दुसऱ्यांनाही ठाऊक असणारच, असे मी धरून चाललो होतो.

शिफारशीआधी मी चाचणी घेतली. एक प्रश्न असा: भरती रोज एकाच वेळी का येत नाही? अपेक्षित उत्तर पुस्तकात होते. चंद्र, पृथ्वीचे फिरणे, रोज सुमारे पन्नास मिनिटांचा उशीर. हिराबाईंनी ते लिहिले होते, आणि खाली: "जसे षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात." मी येसूबाईंचा कागद घेतला. चंद्राचा पत्ता नाही, पण आकडे तेच. साडेचार, सहा, साडेसात.

हे पुस्तकात कुठेच नव्हते. मी दोघींना खोलीच्या दोन टोकांना बसवले आणि दुसऱ्या तिथी दिल्या. चतुर्थी, द्वादशी. लिहिताना पाहतो तर हिराबाईंचा अंगठा डाव्या हाताच्या पेरांवर फिरतो आहे. तिकडे येसूबाईंचाही. एकीचा थांबला की थोड्या वेळाने दुसरीचा थांबे. दोन्ही कागदांवर उत्तर एक: तीन, नऊ.

खुणा करतात, एवढेच मी समजलो. त्यांना एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते आणि त्यांनी उत्तर दिले असते, तर ते मला समजले नसते, याचीच भीती जास्त होती. सावेंनी एका वाक्यात उलगडा केला असता, पण त्यांना विचारणे तर शक्यच नव्हते. शिफारशीच्या कागदावर, शेऱ्याच्या रकान्यात, मी सुवाच्य अक्षरात 'संशयास्पद' लिहिले. हिराबाईंचा फॉर्म घेतला गेला नाही.

त्यानंतर वर्ग मी बंदच केला. तब्येतीचे कारण दिले.

पुढच्या वर्षी चंपाषष्ठी रविवारी आली. आमच्या घरी त्या दिवशी खंडोबाला वांग्याचे भरीत, म्हणून सकाळी बोईसरच्या बाजारात गेलो. वांगी घेतली. पलीकडच्या रांगेत मासळीवाल्या बसतात. एक अनोळखी म्हातारी सोड्यांवरच्या, सुक्या कोळंबीवरच्या, माश्या हाकत होती. आज षष्ठी, हे वांग्यांमुळे डोक्यात होतेच. माझ्या तोंडून निघून गेले, "बाई, आज भरती किती वाजता?"

"तिथी कंची?"

"षष्ठी."

तिचा अंगठा करंगळीवर टेकला, चार ठिकाणी. मग शेजारच्या बोटावर दोन ठिकाणी. "साडेचार."

"हे कुणी शिकवले तुम्हाला? नवापूरच्या हिराबाईंनी?"

"कोन हिरा? मी सातपाटीची ठमी."

"मग कुठल्या पुस्तकात आहे?"

ठमीने शेजारणीकडे पाहिले. "ऐकलंस का, आपली मच्छी पुस्तक वाचून येते." मग मला, "बाबा, घ्यायचं काय हाय का?"

मी पावशेर सोडे घेतले. आमच्या घरात ते कुणी खात नाही.

तरीही विश्वास बसेना. दोन गावच्या बायकांनी मिळून रचलेला बनाव असेल, हा विचार डोक्यात आला. आज लिहिताना लाज वाटते, पण आला. घरी गेलोच नाही, भरीत राहिले; दुपारपर्यंत बाजारातच घुटमळलो. पिशवी तशीच घेऊन नवापूरची बस धरली आणि चारला किनाऱ्यावर जाऊन उभा राहिलो. वाळूत एक काठी रोवली आणि घड्याळ हातात काढून घेतले.

साडेचार वाजले. पाणी अजून चढतच होते. मला बरे वाटले, हे कबूल करतो. एक वर्ष डोक्यावर असलेले ओझे उतरल्यासारखे वाटले. चार चाळीस. काठीपर्यंत पाणी आले. चार पन्नासला ते थांबले. पुढची लाट काठीपर्यंत न येताच मोडली, त्यापुढची त्याहून मागे.

"गुरुजी? वांगी दाखवायला आणली का दर्याला?"

येसूबाई मागे उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"वीस मिनिटे उशीर झाला," मी म्हणालो.

"पानी हाय ते. शटल गाडी नाय, टायमाला सुटायला." त्यांनी काठीकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि सगळे समजल्या. "चार तिथींना तीन तास. एका बोटावर चार तिथी, म्हंजे तीन तास. आमच्या सासूनं शिकवलं, हिराला पन तिनंच."

पाऊणकीचा पाढा. चारची पाऊणपट तीन, सहाची साडेचार. लहानपणी पंतोजींनी पाऊणकी येत नाही म्हणून मला अंगठे धरून उभे केले होते. ती मला कधीच आली नाही. या बायका ती बोटांवर घेऊन माझ्या समोर बसल्या होत्या.

"हिराबाई आहेत घरी?"

"उमरोळीला गेली, पाटी घेऊन. आणि असती तरी आली नसती." त्यांचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "तिनं तुमाला कागद लिवला. रोज पोस्टमनला इचारायची. मग इचारायची थांबली."

"ती जागा गेली का?"

"नाय. सातवी झालेली बाय गावात मिळंल तवा ना. फॉर्म परत निघालेत. पन ती भरत नाय. म्हनते, परत तोच शेरा."

"मी उद्या येऊन त्यांना भेटतो."

"भेटून काय करता? तिनं लिवून इचारलंय. तुमी लिवून द्या."

मला वाटते, त्यांना माझ्या येण्याचा भरवसा नव्हता, आणि तो नसणे बरोबरच होते.

लिहायला नऊ दिवस गेले. पहिल्या कागदावर चार पाने माझ्याविषयीच झाली: परभणी, सावे, माझा स्वभाव. ती फाडली. दुसऱ्यात क्षमेचा शब्द सात वेळा आला. तोही फाडला. मग पत्र शब्दकोशातून काढले, हिराबाईंचा प्रश्न पुन्हा वाचला, आणि त्याच्याखाली उत्तर लिहावे तसे लिहिले:

"हिराबाईंस नमस्कार. कुठून उतरवले, असे आपण विचारले होते. कुठूनही नाही. उत्तर बरोबर होते. मला भरती माहीत नव्हती आणि मी विचारले नाही. चूक माझी. सोबत नवी शिफारस. जुना शेरा चुकीचा होता, असे त्यात माझ्या सहीनिशी लिहिले आहे. कार्यालयातही तशी प्रत दिली आहे. निवटीविषयी आपण म्हणता ते खरे आहे. वल्ह्याचे मी अजून पाहतो आहे. नागोराव."

सोळा डिसेंबरला मी बोईसरच्या पोस्टात गेलो. पेटीत टाकण्याचा धीर झाला नाही, म्हणून रजिस्टर करायला खिडकीशी उभा राहिलो. पत्ता तीनदा तपासला. कारकुनाने पाकीट तोलले, तिकिटे लावली, शिक्का मारला.

"तीस तारखेच्या आत पोचेल ना?" मी विचारले.

त्याने पत्ता वाचला आणि माझ्याकडे बघितले. "नवापूर? उद्या पोचेल."