डाव्या खांद्यावरची वेणी

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. कळा झिजलेल्या, तीन अक्षरं पुसून गेलेली आणि पोटात अर्धा कप चहा मुरलेला. तो चहा मी मागितला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कारखान्यातला. पट्ट्यावरून माझ्यासारखे हजारो पुढे सरकत होते. एका बाईनं माझी प्रत्येक कळ एकेकदा दाबून पाहिली, मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. एवढ्या बारकाईनं माझी चौकशी पुन्हा कुणी केली नाही. खोकं उघडलं ते थेट एका लोकरीच्या दुकानात. दुकान दोघांचं होतं. अर्ध्या भागात ताई लोकर विकायची आणि उरलेल्या अर्ध्यात तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याला सगळे काका म्हणत. मी ताईच्या बाजूला, गल्ल्याशेजारी.

ताईनं विणकाम करणाऱ्यांसाठी इंटरनेटवर एक गट काढला होता. नाव 'दोन सुया'. आधी चाळीस माणसं होती, मग चार हजार झाली. स्वेटरचे नमुने ताई माझ्यावरच लिहायची. ओळीमागून ओळी: दोन सुलट, चार उलट, इथे वेणी वळवा. तिला लिहिलेलं आणि वाचलेलं सगळं मोठ्यानं बोलायची सवय, म्हणून पडदा न दिसताही मला जगाची खबर असायची. रोज सकाळी ती रंगाच्या ब्रशनं माझी धूळ झाडायची. काय सांगू, ते माझे सुखाचे दिवस होते!

मग चहा सांडला. काकांनी मला खोललं, पुसलं, वाळवलं. बाकीच्या कळा सुधारल्या, पण खोडायच्या कळेला खोड लागली ती लागलीच. कधीमधी ती दाबली की अडकून बसायची आणि मागचं लिहिलेलं खात सुटायची. 

अशातच ताई एक खास नमुना लिहीत होती. छातीवरून दोन्ही खांद्यांपर्यंत जाड वेण्या चढणारा पुरुषी स्वेटर. डाव्या खांद्याशी आली आणि गिऱ्हाईक आलं. तिचं लक्ष तिकडे, माझी कळ अडकलेली. मागे वळून पाहते तो दोन-तीन ओळी गायब. "मेल्या, खाल्लंस का?" म्हणाली, आठवून पुन्हा लिहिलं आणि नमुना गटावर टाकला. पण एक ओळ राहिली, मित्रांनो. 'इथे वेणी वळवा' ही ओळ. त्यामुळे जो कुणी तो नमुना विणायचा, त्याच्या डाव्या खांद्यावर वेणी एका जागी वळायची राहून सरळ जायची. मला हे ठाऊक होतं. पण मला जे ठाऊक असतं ते सांगायला माणसाची बोटं लागतात.

शेकडो लोकांनी तो स्वेटर विणला आणि एकानंही तक्रार केली नाही! विणणाऱ्यांचा स्वभावच तसा. चूक दिसली की ती आपलीच समजायची आणि पुढच्या ओळीला लागायचं. फक्त एका मुलीनं उघड कबूल केलं. ती नेहमी बारा नंबरच्या सुया वापरायची, म्हणून गटात तिला 'बारा नंबर' म्हणत. तिनं भावासाठी विणलेल्या स्वेटरचा फोटो टाकून लिहिलं, "डाव्या खांद्यावर वेणी वळवायची विसरले. उसवते म्हटलं तर भाऊ म्हणतो, राहू दे, तीच आपली खूण." सगळे हसले. ती चूक बारा नंबरचीच, असं गटात पक्कं बसलं.

आता त्या दिवसाचं सांगतो.

पहाटे एक मोठी प्रवासी बोट बुडाली. सहाशे माणसं होती तिच्यावर. दुकान उघडलं तेव्हा काकांचा रेडिओ आकडे सांगत होता आणि दर अर्ध्या तासानं आकडा बदलत होता. त्या दिवशी गटावर विणकामाचं कुणी बोललं नाही. कोण कुठे आहे, कुणाचं कोण बोटीवर होतं, एवढंच. दहा वाजता बारा नंबरनं लिहिलं, "माझा भाऊ बोटीच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. फोन लागत नाही. आई काही बोलत नाहीये." ताईनं ते दोनदा वाचलं.

बारा वाजता एक फोटो आला. पाण्यावर लाइफबोट, तिच्यात चढणारा एक माणूस, डावा खांदा पुढे, तोंड पलीकडे वळलेलं, जेमतेम कानापर्यंत दिसणारं. अंगात वेणीचा स्वेटर. गटात एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. कुठलाही स्वेटर पाहून तो कुणाच्या हातचा ते सांगायचे, म्हणून त्यांना 'गाठमास्तर' म्हणत. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, "डावा खांदा पाहा! वेणी वळलेली नाही. बारा नंबर, तुझा भाऊ सुखरूप आहे!"

गटावर नुसता आनंद उसळला. बारा नंबरनं लिहिलं, "आई रडतेय, पहिल्यांदाच रडतेय. मास्तर, तुमचे पाय कुठे आहेत?" कुणी भावाचं नाव लिहिलं, कुणी त्याचा जुना फोटो शोधून लावला, कुणी गल्लीचं नाव टाकून "पेढे पाठवा" म्हणालं. ताईसुद्धा डोळे पुसत माझ्यावर टायपत होती. काका मात्र भिंग डोळ्याला लावूनच म्हणाले, "सुतावरून स्वर्ग गाठताय तुम्ही लोक."

"तुम्हाला मेलं कशातच चांगलं दिसत नाही," ताई म्हणाली.

दोन वाजता तोच फोटो पुन्हा आला, पण पुरा. आधी कुणीतरी तो कापून टाकला होता. पुऱ्या फोटोत त्या माणसाचा हात एका म्हाताऱ्या बाईच्या छातीवर होता. तो तिला मागे ढकलून लाइफबोटीत चढत होता. 

सगळा देश पेटला. हा कोण? हा कोण? आणि उत्तर आमच्या गटावर तयार होतं, नाव, फोटो, गल्लीसकट. गटाचं पान कुणालाही वाचता यायचं. तासाभरात अनोळखी माणसं आत घुसली. जन्मात सुई न धरलेले लोक भावाला फासावर द्या म्हणू लागले. ताईनं पान बंद केलं, पण उशीर झाला होता. लोकांनी आधीच त्या पानाचे फोटो काढून घेतले होते आणि ते घरोघर पोहोचले होते. बारा नंबरचा ताईला वेगळा निरोप आला, "खाली शंभर माणसं आहेत. दार वाजवतायत. खिडकीची काच फुटली."

गटातल्या सगळ्यांना कळकळीचं काहीतरी लिहायचं म्हणून ताईनं माझ्यावर हात ठेवले. "आपल्या गटातल्या एका कुटुंबावर" एवढं लिहिलं, एक शब्द चुकला, खोडायला गेली आणि माझी कळ अडकली. सगळी ओळ गेली. शपथेवर सांगतो, मी मुद्दाम केलं नाही. ती माझी खोड होती, शहाणपण नव्हे.

"पुन्हा खाल्लं का यानं?" काकांनी विचारलं.

ताईनं माझी अडकलेली कळ नखानं वर काढली. मग हळूच म्हणाली, "अहो, त्या वेणीच्या नमुन्याच्या वेळीही यानं खाल्लं होतं."

तिनं नमुना उघडला. ती एकेक ओळ वाचत गेली आणि काका पेन्सिलीनं कागदावर रेघा मारत गेले. उजवा खांदा: सात वेळा वेणी वळते. डावा खांदा: सहा. तिनं पुन्हा मोजलं. सहाच.

"म्हणजे चूक त्या पोरीची नाहीच," काका म्हणाले. "हा स्वेटर ज्यानं ज्यानं विणला, त्या प्रत्येकाची वेणी सरळ गेली असणार. फोटोतला माणूस कुणीही असू शकतो."

ताईनं आधी बारा नंबरला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून दारावरचे धक्के माझ्यापर्यंत ऐकू येत होते.

"ताई, लिहू नका हे," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते."

"अगं, ही माणसं निघून जातील."

"नाही गेली तरी चालेल. दगड खाऊ आम्ही. तो वाईट वागला असेल, पण आहे ना! तुम्ही लिहिलंत की आईकडे काय उरतं?"

"तो नाही असं मी म्हणत नाहीये, बाळा. मला माहीत नाही, एवढंच म्हणते."

"मग माहीत नाही तर गप्प बसा ना!" आणि फोन बंद झाला.

ताईनं मजकूर लिहून काढला. चार ओळी. शेवटची कळ तेवढी दाबायची राहिली होती. तिचं बोट त्या कळेवर आलं आणि मागे गेलं. तीनदा. मित्रांनो, माझ्या अंगावर हजारो वेळा बोटं पडली, पण न पडलेल्या त्या बोटाइतकं जड मला काहीच लागलं नाही.

"सांगा ना हो, काय करू?"

काका आपला स्टूल ओढून तिच्या शेजारी येऊन बसले. "बंद पडलेलं घड्याळ चालू आहे असं मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. कितीही जवळच्या माणसाचं असलं तरी. पण ती पोर माझ्या पाया पडली नाही, तुझ्या पडली. मी कोण सांगणार?"

रेडिओनं नवा आकडा सांगितला. ताईनं डोळे मिटले आणि कळ दाबली.

"ही चूक बारा नंबरची नाही, माझ्या नमुन्यातली आहे. ओळ माझ्याकडून गळली. हा स्वेटर ज्यांनी विणला त्यांनी आपल्या डाव्या खांद्याचा फोटो टाका. आत्ता. एका घराच्या दारावर माणसं उभी आहेत." आणि तिनं पान पुन्हा सगळ्यांसाठी उघडं केलं.

दोन मिनिटांनी एक फोटो आला. मग तीन. मग ताईला मोजता येईनात. निळे, करडे, विटकरी खांदे, आणि प्रत्येकावर वेणी त्याच जागी सरळ गेलेली. "मला वाटलं माझंच चुकलं," जो तो लिहीत होता. पाच वाजता गाठमास्तरांचा फोटो आला. त्यांनीही तो स्वेटर विणला होता आणि चुकला म्हणून कपाटाच्या तळाशी लपवला होता, चार वर्षं. खाली लिहिलं होतं, "मला लाज वाटली असती, म्हणून मी हा कुणाला दाखवला नाही. आज दुपारी तरी काढून बघायला हवा होता. त्या मुलाची आणि त्याच्या आईची मी माफी मागतो."

दिवेलागणीपर्यंत एकशे त्रेचाळीस खांदे जमा झाले होते. बातम्या देणाऱ्यांनी ते उचलले. दारावरची माणसं ते आपापल्या फोनवर बघत एकेक करून पांगली. माफी कुणी मागितली नाही. फोटोतला माणूस कोण होता ते मला कधी कळलं नाही, आणि ताईनं ते शोधलंही नाही.

बारा नंबर गटावर पुन्हा आली नाही. चौथ्या दिवशी मृतांची यादी आली. तिचा भाऊ सापडला होता, बोटीच्या स्वयंपाकघराच्या जिन्यात. ताईनं ते नाव मोठ्यानं वाचलं नाही. काकांनी रेडिओ बंद केला, त्यावरून मी ओळखलं.

तीन आठवडे ताई माझ्याकडे फिरकली नाही. धूळ साचली. मग एका दुपारी एक अनोळखी मुलगी दुकानात आली. लोकरीच्या गुंड्यांना नुसता हात लावत उभी राहिली. ताईनं "काय दाखवू?" विचारलं, तेव्हा म्हणाली, "मी बारा नंबर."

ताई उठून उभी राहिली.

"तुमचा खूप राग आला होता. अजून थोडा आहे," मुलगी म्हणाली. "तुम्ही लिहिलंत आणि तो माझ्या हातातून गेला, असंच वाटलं मला. पण एक सांगायला आले. माणसं गेल्यावर आईनं दार उघडं ठेवलं. तीन दिवस, तीन रात्री. तो आला तर त्याला वाजवायला लागू नये म्हणून. आणि त्या तीन दिवसांत त्याच्याबद्दल एकही वाईट शब्द तिच्या कानावर पडला नाही. तीन दिवस ती फक्त त्याची आई होती."

ताईनं तिला जवळ घेतलं. दोघी रडल्या. काका पाठ करून एक घड्याळ पुसत राहिले.

आता मी थकलोय. नवा कीबोर्ड खोक्यात आलाय, लवकरच माझी रवानगी काकांच्या खणात होईल. माझी एकच विनवणी आहे, मित्रांनो. आमची निगा राखा, आमच्यावर चहा सांडू नका. आणि एखाद्या माणसाबद्दल काही लिहायला बसाल तेव्हा, तुम्हाला नक्की काय माहीत आहे ते आधी मोजा, आणि मग पुन्हा मोजा. त्याची आई दार उघडं ठेवून बसलेली असते.