मॅजेंटामामांचा नमुना

छापखाना बंद पडला आणि मॅजेंटामामांजवळ फक्त त्यांचा डोळा उरला. या डोळ्याचा त्यांना कोण अभिमान! जन्मभर त्यांनी कॅलेंडरं आणि साबणाची वेष्टनं यांचे रंग जुळवले, आणि समोर येईल त्या कागदावर ‘मॅजेंटा जास्त झालाय’, म्हणजे गुलाबी चढलाय, असा शेरा मारला. त्यावरून हे नाव पडलं. छापखाना गेला, पण सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो? कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी पडदे, भिंती, नवी सून, कशालाही ते सोडत नसत. उजेडाला तर मुळीच नाही. मागच्या आठवड्यात मामींनी जेवताना विचारलं, “अहो, मी पिवळी दिसते का हो?” मामांनी वर पाहिलं, ते बल्बकडे. “स्वस्तातला माल,” ते म्हणाले, आणि भरल्या ताटावरून उठून त्यांनी बल्ब बदलला.

भाच्याचा सिनेमाचे रंग सुधारायचा स्टुडिओ होता. बहिणीने पोराचा कान पिळला, तेव्हा त्याने मामांना एका सिनेमापुरतं घेतलं. “दिग्दर्शकाला पसंत पडलं तर कायमचे राहा, मामा. नाही पडलं तर माझ्या हातात काही नाही.” मामांनी देव पाण्यात घातले. रिकामटेकडा नवरा मामींनी बरेच दिवस सोसला होता, आणि आता त्यांचाही जीव मेटाकुटीला आल्यासारखा दिसत होता. निदान मामांनी त्या थकव्याचा अर्थ तसा लावला.

पहिल्या दिवशी स्टुडिओच्या बिनखिडकीच्या करड्या खोलीत शिरून मामांनी खिशातलं भिंग काढलं आणि पडद्याला लावून छपाईचे ठिपके शोधू लागले. भाच्याने भिंग काढून घेतलं. दिग्दर्शक मात्र ठिपक्यांच्या पलीकडे गेलेला माणूस होता.

“या दृश्यात जरा एकाकीपण वाढवा,” तो म्हणाला.

“किती टक्के?”

“आतून वाढवा.”

“नमुना द्या साहेब,” मामा म्हणाले, “हुबेहूब जुळवून देतो.”

सिनेमा एका बाईचा होता. ती आजारी पडते, झिजत जाते आणि शेवटी मरते. मामांनी एकेक दृश्य मन लावून केलं. छापखान्यात फिकट चेहरा गेला की गिऱ्हाईक गठ्ठा आणून टेबलावर आपटायचं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. बाईचा चेहरा पडला रे पडला की ते त्यात रक्त भरत. दाखवायचा दिवस आला तेव्हा बाईने गुबगुबीत गुलाबी गालांनी प्राण सोडला.

“ही मरतेय की साबण विकतेय?” दिग्दर्शक किंचाळला. “आजारी माणूस कधी पाहिलाय का तुम्ही? उद्या शेवटचं बघतो. नाहीतर दुसरा माणूस आणा.”

मामा रात्रभर तळमळले. शेवटी त्यांना आपला जुना मार्ग सापडला: नमुना! सकाळी मामी खिडकीपाशी पांढऱ्या कपातून चहा पीत होत्या. मामांनी फोटो काढायला फोन उगारला. “जरा थकलेली दिस.”

“दिसायचं कशाला?” मामी म्हणाल्या.

स्टुडिओत त्यांनी तो फोटो पडद्यावर बाईशेजारी लावला. चेहरा पिवळा. उजेडाचा दोष, दुसरं काय! मामांनी सवयीने पिवळा उतरवला, तर हातातला कप निळा पडला. पिवळा परत चढवला, कप पुन्हा पांढरास्वच्छ झाला. म्हणजे उजेड ठीक होता. मामींच्या डोळ्यांतला पांढरा भाग मात्र कपासारखा नव्हता. मामांनी तो मोठा करून पाहिला: पिवळाच.

“हाच!” मागून दिग्दर्शक ओरडला. “हाच आजार मला हवा होता! कुठून काढलात हा?”

भाचा दिग्दर्शकाच्या चेहऱ्याकडे पाहत होता, पडद्याकडे नाही. “मामा, नोकरी पक्की!”

“अरे, ती तुझी मामी आहे.”

भाच्याने पडद्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. दिग्दर्शकाचं उतरलं नाही. “अप्रतिम! यांचे आणखी फोटो मिळतील? थोडं आणखी खालावल्यावरचे?”

मामांनी फोटो पुसून टाकला. “हा नमुना देण्यातला नाही,” एवढंच म्हणून ते उठले. दिग्दर्शक भाच्याला विचारत राहिला, माणूस असा मध्येच कसा जातो म्हणून.

भरदुपारी नवरा दारात पाहून मामींनी कपाळाला हात लावला. “घालवलीत ना नोकरी?”

मामांनी तिला हाताला धरून खिडकीपाशी नेलं आणि तिची हनुवटी उचलून डोळे पाहिले. किती दिवसांनी पाहिले, त्यांना आठवेना. “डॉक्टरकडे जायचंय. आत्ता.”

“मी आठवड्यापूर्वीच विचारलं होतं तुम्हाला.”

“हो, विचारलं होतंस.”

“तुम्ही बल्ब बदललात.”

मामांनी खाली वाकून तिच्या चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या.