झेंड्यावर हात

परदेशी फौजेशी आमच्या नगरपरिषदेने बोलणं टाकलं ते माझ्या भावामुळे. जासिब आपल्या धक्क्यावर होडीचं इंजिन उघडून बसला होता. गस्त आली, ओरडली, तो हातातल्या पान्यासकट उभा राहिला आणि त्यांनी गोळ्या घातल्या. ताडपत्रीखाली रॉकेटं आहेत अशी त्यांना पक्की खबर होती म्हणे. ताडपत्रीखाली इंजिनाचे सुटे भाग निघाले.

त्यानंतर परिषदेचा एकही माणूस त्यांच्या तळाची पायरी चढला नाही. बहिष्काराचं सगळ्यात मोठं भाषण अध्यक्ष अबू लैस यांनी ठोकलं. मी परिषदेत बायकांच्या राखीव जागेवर बसते. मी त्या दिवशी तोंडच उघडलं नाही. लोकांना वाटलं, सबीहा फौजेवरच्या रागाने जळते. जळत होतेच. पण गोळी झाडणारा केव्हाच आपल्या देशी निघून गेला होता. खोटी खबर देणारा मात्र इथलाच होता, रोज मला सलाम करणारा, कदाचित माझ्याच घरचा चहा पिणारा. मला तो हवा होता. त्याचं तोंड सगळ्या गावासमोर काळं झालेलं बघायचं होतं.

मग भर उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा पंप बंद पडला. खालून समुद्र वर सरकला की आमच्या शत्त नदीचं पाणी खारट होतं. चहात साखर टाकावी आणि जिभेला मीठ लागावं अशी गत. नवा पंप बंदरावर येऊन पडला होता, पण रस्ताही फौजेचा आणि क्रेनही फौजेची. अबू लैस माझ्या दारात आले.

"सबीहा, लोक खारं पाणी पिताहेत गं. फौजेचा कर्नल समेटाला यायला तयार आहे. पण रक्त तुझ्या घरचं सांडलंय. तू हो म्हटल्याशिवाय मी कसा बोलावू?"

"अध्यक्षसाहेब, त्यांच्या हातचं पाणीसुद्धा हराम, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"तेव्हा नळाला पाणी होतं, बाई!"

माझा संशय त्यांच्यावरच होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा. मी म्हटलं, खबर कोणी दिली ते कर्नलने सांगावं, मग खुशाल यावं. तळावरून उत्तर आलं: आम्ही नावं देत नाही.

"ठीक आहे," मी म्हटलं, "येऊ दे त्याला. समेट आपल्या रीतीने होईल, हजरत अब्बासच्या झेंड्याला गाठ मारून. फक्त गाठ मारण्याआधी बैठकीतला प्रत्येक गाववाला झेंड्यावर हात ठेवून सांगेल की जासिबच्या रक्तात माझा वाटा नाही."

गाठ मारायची ती मेलेल्याच्या घरातल्या वडीलधाऱ्याने, म्हणजे आमच्या मुतशर काकांनी. अब्बा गेल्यावर त्यांनीच आम्हा दोघांना वाढवलं. जासिबच्या जनाज्याला पहिला खांदा त्यांचा होता.

"शपथा कशाला मध्ये, पोरी?" काका म्हणाले. "उगाच माणसं दुखावतात."

"दुखावू देत. मी काय कमी दुखावलेय?"

काकांच्याच लव्हाळ्याने शाकारलेल्या बैठकीच्या घरात सगळे जमले. कर्नल घामाने निथळत मांडी घालायचा प्रयत्न करत होता. दुभाष्याने सांगितलं, "झाल्या प्रकाराचा साहेबांना खेद वाटतो."

"खेद तर जेवायला उशिरा आलेल्या पाहुण्यालाही वाटतो," मी म्हटलं. त्याने ते कर्नलला सांगितलं की नाही, देव जाणे.

अबू लैस पुढे झाले. मी त्यांच्या बोटांवरची नजर काढली नाही. त्यांनी झेंडा मुठीत धरला, स्वतःच्या मुलांची शपथ घेतली, आवाज कुठे फाटला नाही. मला फसल्यासारखं झालं. बाकीचे एकेक करून उठले, हात ठेवून परत बसले. राहिले काका.

आमच्याकडे माणूस देवाच्या नावाने खोटं बोलेल, कारण देव दयाळू आहे. अब्बासच्या नावाने नाही बोलणार. अब्बास तापट, तो कयामतीची वाट बघत नाही. काकांनी हात पुढे केला. तो झेंड्यापर्यंत गेलाच नाही. ते होते तिथेच खाली बसले.

"मला वाटलं, दोन-चार महिने उचलून नेतील," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तेवढ्यात धक्का माझ्या होड्यांना मिळेल. मारतील असं नव्हतं वाटलं, पोरी."

 कर्नलने दुभाष्याला विचारलं, काय झालं? दुभाष्या माझ्याकडे बघायला लागला.

"सांग त्याला, आमचं घरगुती आहे. त्याने नाव लपवलं, आता आम्हीही लपवतो. आणि हेही सांग, पंप आधी. माझ्या हातात हात मात्र त्याला कधीच मिळणार नाही."

झेंड्याला गाठ मी मारली. बाईने मारली म्हणून एकानेही नाक मुरडलं नाही.

पंप आला, नळाला गोडं पाणी आलं. परिषदेची माणसं पुन्हा तळावर जाऊ लागली, फोटो काढून घेऊ लागली. आणि काकांना गावाने वाळीत टाकलं. त्यांचा खजूर कोणी घेईना, न्हावी दाढी करीना, सलामाला उत्तर मिळेना. मी कोणाला तसं करायला सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं असतं तर तेही केलं असतं.

"पुरे आता, सबीहा," अबू लैस एकदा म्हणाले. "फौजेला माफ केलंस, मग सख्ख्या काकाला का नाही?"

"फौजेला कुठे माफ केलंय? तिच्याकडून पंप घेतला. काकाकडून काय घेऊ?"

परवा दुपारी काकू आली. डोक्यावर ताट, ताटात तव्यावरची तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुबूर मासा. एवढ्या उन्हात चालत आली होती.

"तुम्ही दोघं माझ्या कडेवर वाढलात," ती म्हणाली. "त्याच्यावर राग धर गं, जन्मभर धर. पण माझ्या हातचा एक घास खा. महिनाभर माझ्याशी एक बाई बोललेली नाही."

तिने काही केलं नव्हतं. तिला काही ठाऊकही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण ताट घेतलं असतं तर उद्या ते काकाच्या घरी रिकामं परत गेलं असतं, आणि त्याच्या घरचा घास मी खाल्ला हे त्याला कळलं असतं. तेवढंही सुख मला त्याला द्यायचं नव्हतं.

"पाणी हवं असेल तर बाहेर नळ आहे, काकू. गोडं येतं आता."

मी दार लावलं आणि आत येऊन रडले, जासिबसाठी रडले नव्हते इतकी. ती बराच वेळ उंबऱ्याशी उभी होती. मी दार उघडलं नाही.