आरपार वारा

तिहोमीर दोन तासांनी बाजारातून परतला आणि कोठीघराच्या दाराखाली कोंबलेली गोधडी पाहून हातातली पिशवी टाकून धावला. दार उघडलं तर आत नुसती भट्टी. वरची खिडकीही घट्ट लावलेली. आयवरच्या, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्यांशेजारी ठेवलेला कॉम्प्युटरच्या चार डिस्कांचा काळा डबा हाताला चटका देत होता.

“आई! खिडकी कोणी लावली?”

“मी लावली, आणखी कोण?” स्वयंपाकघरात मिरच्या भाजत बसलेल्या वुकोसावाबाई, त्याच्या सासूबाई, ओरडल्या. “इकडे बाल्कनीचं दार उघडं, तिकडे ती खिडकी. आरपार वारा! मान धरली की चोळायला तू बसणार आहेस का, जावईबापू?”

आता या गावाला कोण काय सांगणार! सर्बियातल्या या लेस्कोवाचमध्ये माणूस दारूने मरत नाही, सिगारेटने मरत नाही. मरतो तो आरपार वाऱ्याने. ऑगस्टात, चाळीस डिग्रीत, बसमध्ये घामाने निथळतील, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडणार नाहीत. आणि तिहोमीर तरी कुठला शहाणा! डब्याचा पंखा भणभणतो, पायांना वारा लागतो, अशी म्हातारीने आठवडाभर भुणभुण लावली तेव्हा यानेच पंख्याचा वेग एक-तृतीयांशावर आणला होता. त्यात तो पंखा फक्त मुख्य चिपची गरमी पाहून वेग वाढवणारा. डिस्का भाजून निघाल्या तरी त्याला पत्ता नाही.

चारांपैकी एक डिस्क कालच मेली होती. तिच्या जागी नवी बसवली होती आणि उरलेल्या तिघींवरून तिच्यात सगळं पुन्हा भरलं जात होतं. एवढ्यात आणखी एक गेली की सगळंच गेलं. लॅपटॉपच्या पडद्यावर दिसत होतं: एकाहत्तर टक्के भरलं, दुसऱ्या डिस्कची गरमी एकसष्ट अंश. बंद करावं तर ती पुन्हा फिरेल याची खात्री नाही. आणि दुसरी प्रत? ती काढून ठेवायला काय धाड भरली होती! पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात, करत तीन वर्षं गेली.

त्याने पंखा पूर्ण वेगाने सोडला आणि खिडकी सताड उघडली. म्हातारी तरातरा आली.

“मरायचंय का? लाव आधी ती!”

“नका हो लावू, पाया पडतो!” त्याचा आवाज फाटला. “आत स्लावोय्का आहे. तिचा आवाज आहे. गाणी, घरातलं बोलणं, सगळं.”

म्हातारीचा हात खिडकीवरच राहिला. बोटांना मिरचीची जळकी सालं चिकटली होती.

“माझ्या पोरीचा आवाज तुझ्याकडे आहे? आणि मी तीन वर्षं फोटोशी बोलतेय?”

“तुम्हाला सोसणार नाही म्हणून...”

“मला काय सोसतं ते तू ठरवणार, मुडद्या?”

ती वळली आणि घरातलं एकूण एक दार-खिडकी उघडत सुटली. मग डोक्याचा रुमाल सोडून, भर वाऱ्यात स्टूल टाकून बसली आणि मिरच्या भाजायच्या पत्र्याने डब्याला वारा घालू लागली. चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदाच. गरमी अठ्ठावन्नवर आली, मग पंचावन्नवर. अठ्ठ्याऐंशी टक्के झाले. आणि डब्यात टक टक सुरू झाली.

“हे काय वाजतंय?”

“जातेय ती, आई.”

“मग आत्ता ऐकव. टक्के गेले चुलीत!”

त्याने हाताला लागलं ते रेकॉर्डिंग लावलं. आधी भांड्यांचा आवाज, मग स्लावोय्का, अगदी शेजारी बसल्यासारखी: “आई, इकडे सरक गं, मानेवर वारा येतोय तुझ्या. थांब, ती खिडकी...”

टक. पडद्यावर लाल ओळ आली. दुसरी डिस्क गेली होती.

तिहोमीर जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडू लागला. पंखा अजून जीव खाऊन फिरत होता, आणि म्हातारीचा पत्राही थांबला नव्हता. तिचे पांढरे केस मानेवर उडत होते.

“नाही लावणार गं, बाळा,” ती डब्याला म्हणत होती. “खिडकी आता कधी नाही लावणार. तू बोल.”