चित्राखालचं नाव

दक्षिण समुद्रातल्या एका बेटावरच्या पाएआ गावात कोणी गेलं, की त्याच्या मरणातली एखादी गोष्ट घरातलं माणूस स्वतःचं नाव म्हणून घेतं. जुनं नाव सुटतं, नवं जन्मभर चिकटतं. सोळा वर्षांची वाईरेआ खोकून खोकून गेली, तेव्हा तिची आई मासे आणायला समुद्रातल्या खडकांवर गेली होती. घरात एक पांगळी म्हातारी. ती नंतर म्हणाली, पोर सारखी पाणी मागत होती गं, मला काही उठता येईना. त्या दिवसापासून आईनं नाव घेतलं पोईहा. म्हणजे तहान. आणि पोरीचं नाव पाण्याचं, वाईरेआ, आनंदाचं पाणी. देवाला जरा तरी लाज असावी.

आजारी पडण्याआधी महिनाभर वाईरेआ रेनो नावाच्या फ्रेंच चित्रकारासमोर हिना होऊन उभी राहिली होती. चंद्राची ही देवी धरणीच्या देवाला, फातूला विनवते, की मेलेलं माणूस परत उठू दे. फातू नाही म्हणतो. पाद्रीबाबांना या गोष्टी खपत नाहीत, पण कुणी विसरलेलं नाही. रेनोनं हिनाला निळसर रंग दिला होता, तरी पुढे केलेला हात वाईरेआचाच होता. करंगळी तशीच वाकडी.

वाईरेआ गेल्यावर आठ महिन्यांनी चित्र फ्रान्सला निघालं. पोईहाला कळलं, तशी ती नणंदेला, मारेताला घेऊन रेनोच्या झोपडीकडे गेली.

"तिचं नाव घालून दे म्हणते त्याला. परक्या मुलखात पोर निनावी नको जायला," ती वाटेत म्हणाली.

"घालेल की. कोपऱ्यात आपल्या भाषेत काहीतरी खरडल्याशिवाय त्याला चैन कुठं पडतंय?" मारेता म्हणाली. "मागे डुकराच्या चित्राखाली 'मावशी' लिहून मोकळा झाला मेला."

रंगाच्या वासानं मारेताला गरगरायचं, म्हणून ती बाहेरच थांबली. आत रेनोची घाई चाललेली. पेटी तयार होती, होडीवाले खोळंबले होते. पोईहानं चित्राकडे बोट केलं, मग कोपऱ्याकडे.

"हिचं नाव लिही."

त्याला 'नाव' एवढंच उमगलं. कुंचला बुडवून त्यानं तिच्याकडे पाहिलं. "नाव?"

आठ महिन्यांत हे जो विचारील त्याला ती एकच उत्तर देत आली होती. तोंडाला तीच सवय. "पोईहा," ती म्हणाली.

त्यानं लिहिलं. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण ती वळणं तिला फार गोड वाटली. तिनं डोळे पुसले, रेनोच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर आली. होडीवाले पेटी घेऊन गेले.

"वाचलंस ना गं दारातून?" तिनं अर्ध्या वाटेत विचारलं. मारेता मिशनच्या शाळेत शिकलेली.

"वाचलं."

"कसं दिसतंय वाईरेआचं नाव?"

मारेता थांबली. "वहिनी, तिथं पोईहा लिहिलंय. मला वाटलं, तूच सांगितलंस."

पोईहा धावत सुटली. ती किनाऱ्यावर पोचली तेव्हा पेटी जहाजावर चढली होती, शिडं भरली होती. कमरेपर्यंत पाण्यात शिरून तिनं हाका मारल्या. पण हाक मारताना तरी कोणतं नाव घ्यावं, हे तिला कळेना. पोर मरताना पाणी मागत होती. आता आईनंच तिच्या चित्राखाली तहान लिहवून तिला दूरदेशी पाठवलं होतं. तिथली माणसं तिला त्याच नावानं ओळखणार होती.

जहाज प्रवाळाच्या रांगेपलीकडे गेलं. मारेता काठावर बसून राहिली. ऊन उतरल्यावर तिनं हाक मारली, "पोईहा वहिनी, चल घरी."

ती वळली नाही. मारेतानं पुन्हा हाक मारली.

"ती मी नाही," ती म्हणाली. "पोईहा गेली जहाजातून."

"मग तुला काय म्हणू?"

तिनं ओंजळीत पाणी घेतलं, खारटच ते, आणि सोडून दिलं.

"काही म्हणू नकोस."