गॅसबत्ती आणि चुन्याची रेघ

मिरजेत डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर सासू काही दिवस सांगलीत धाकट्या सुनेकडे, अंजनीकडे राहिली, आणि शिराळ्याजवळच्या आपल्या गावी परत आली ती तिचंच नाव घेत. बैलगाडीतून उतरताना तिनं थोरल्या सुनेचा, बयाबाईचा हात धरला, पण बोलली ते दुसरीबद्दल.

“अंजनीच्या खोलीत विजेचा दिवा हाय, बया. काय उजेड पडतोय! तांदळातला खडा दिसायचा मला.”

“व्हय का,” बयाबाई म्हणाली.

सासूच्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा धुकं आलं, तेव्हापासून तिला हाताला धरून न्हाणीपर्यंत नेलं होतं ते बयाबाईनं. कंदिलाची काच राखेनं घासघासून लखलखीत ठेवली होती ती तिनंच. अंजनीनं केलं काय? बटण दाबलं! तिचा नवरा गुंडा पलटणीतून सुटून सांगलीत लॉरीवर लागला, म्हणून तिला वीज मिळाली. त्यात तिची कसली करामत?

पण सासूचं रोजचं पालुपद सुरू झालं. दिवेलागण झाली की जाड भिंगांचा चष्मा कंदिलाकडं वळवायची आणि म्हणायची, “अंजनीकडं असं न्हवतं.” शेजारीण आली की तिलाही तेच. बयाबाई चुलीपुढं बसून भाकरी थापायची, ती परातीत जरा जास्तच जोरानं थापली जायची.

शेवटी तिनं मनाशी ठरवलं. रॉकेल रेशनवर होतं, तरी तिनं बाटलीबाटलीनं साठवलं. मग नवऱ्याला, नाथाजीला, भाऊसोकडं जायला सांगितलं. लग्नकार्यात गॅसबत्त्या लावायचं काम भाऊसोच करायचा.

“गॅसबत्ती? घरात?” नाथाजी म्हणाला. “कुणाचं लगीन हाय?”

“आत्यांना उजेड पायजे न्हवं? मग बघू दे उजेड.”

संध्याकाळी भाऊसोनं बत्तीला पंप मारला आणि ती पुढल्या सोप्यात तुळईला टांगली. सोपा असा काही उजळला की गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. बयाबाईची मान ताठ झाली. हे सगळं आता सांगलीत कळायला पायजे, असं तिला वाटलं. तिनं सासूला ऐन बत्तीखाली आणून बसवलं.

सासूनं डोळ्यांवर हात धरला. “बया, डोळ्यांत सुया टोचल्यागत हुतंय गं.”

“सवय हुईल, आत्या.”

थोडा वेळ कसाबसा काढून म्हातारी उठली आणि माजघराकडं निघाली. बत्ती पाठीमागं राहिली, पुढं तिची स्वतःचीच लांबलचक काळी सावली पडली, आणि त्या सावलीत माजघराची पायरी गडप झाली. म्हातारी ठेचकाळून आडवी झाली. मनगट सुजून टम्म झालं.

निरोप गेला तशी अंजनी सांगलीहून आली. आता ही येणार, नाक मुरडणार आणि सगळ्या गावाला माझी अक्कल सांगणार, म्हणून बयाबाईनं आधीच भांडणाची तयारी ठेवली होती. अंजनी सासूच्या मनगटाला शेक देऊन परसात बयाबाईकडं आली.

“अक्का, बत्ती डोळ्यापुढं टांगलीसा व्हय?”

“तुझ्या विजेपरीस लय उजेड पडला,” बयाबाई फणकारली.

“विजेचं काय सांगता! पयल्या दिवशी त्यांनी ‘दिवा इजव’ म्हणून डोकं उठवलं माझं. मी बल्बाला पत्र्याची टोपी घातली, तवा गप झाल्या. उंबऱ्यावर चुन्याची रेघ वढली, तवा न अडखळता चालाय लागल्या. आणि एवढं करून दिवसभर काय म्हणायच्या, ठावं हाय? ‘बया असती तर हाताला धरून नेलं असतं. बयाच्या हातची भाकरी अशी नसती.’ मला तुमचा इतका राग यायचा, अक्का!”

बयाबाईला हसू आलं. आवरलं, पण अंजनीनं ते बघितलंच, आणि तीही तोंडाला पदर लावून हसली.

दुसऱ्या दिवशी दोघींनी पायऱ्यांच्या कडा चुन्यानं रंगवल्या. माजघराच्या काळवंडलेल्या भिंतीला पांढरा हात दिला. कंदील कोनाड्यात ठेवला आणि त्याच्यापुढं पत्र्याचा तुकडा असा बसवला की ज्योत डोळ्यांत जाऊ नये, उजेड भिंतीवर पडून तिथून पायरीवर यावा. संध्याकाळी म्हातारी एकटीच उठली आणि पायऱ्या उतरून सोप्यात येऊन बसली.

“अंजनीनं काय केलं बघा,” तिनं शेजारणीला सांगितलं.

अंजनी चटकन म्हणाली, “आवं आत्या, अक्कांनीबी केलंय.” पण बयाबाईची भाकरी परातीत पुन्हा जरा जोरानंच थापली गेली.

अंजनी सांगलीला गेल्यावर बयाबाईनं एकटीनं आणखी एक काम केलं. परसातून न्हाणीपर्यंत दोन्ही बाजूंना दगड लावले आणि ते चुन्यानं रंगवले. न्हाणीच्या भिंतीत एक खुंटी ठोकली, म्हातारीला धरायला, आणि तिच्या वर रॉकेलची लहानशी चिमणी ठेवली. हे कुणी सुचवलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही.

शिमग्याला अंजनी आली. परसात जाऊन ते पांढरे दगड आणि खुंटी बराच वेळ न्याहाळत राहिली.

“हे कवा केलंसा, अक्का?”

“झालं असंच,” बयाबाई म्हणाली.

अंजनीचं तोंड जरासं उतरलं. बयाबाईला ते फार ओळखीचं वाटलं, आणि तिनं त्या दिवशी धाकट्या जावेच्या पानात स्वतःच्या हातानं आणखी एक पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडून.