विहिणीच्या घरातला कॅमेरा

फरगानाजवळच्या मर्गिलान शहरात त्या काळी लग्नातलं सगळं वरपक्ष ठरवी. हॉल कुठला, गाणारा कोण, नवरीची गाडी कुठल्या रंगाची, फोटो कोण काढणार. मुलीकडच्यांनी पेट्या भरायच्या आणि मान डोलवायची. थोरल्या मुलाच्या लग्नात मतलूबाने स्वतःच हे सगळं ठरवलं होतं, त्यामुळे तक्रार करायला तिला तोंड नव्हतं. पण धाकट्या निगोराची सोयरीक झाली, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मिळून शकुनाची नान मोडली, आणि ताटं उचलायच्या आत मतलूबा म्हणाली, "विहीणबाई, मला एकच गोष्ट हवी. फोटोवाला मी निवडणार."

मुलाची आई सनोबर हसली. बाई सोन्यानाण्याचं काहीतरी काढणार, असं तिला वाटलं होतं. "एवढंच ना? घ्या की! तुम्ही निवडा, आम्ही बोलावू."

मतलूबाला फोटोंचं वेड नव्हतं. घरात भिंतीवर एकच फोटो होता, सासऱ्यांचा, आणि तोही तिरका. पण तिथल्या रिवाजात मुलीची आई मुलीच्या लग्नाला जात नाही. मुलीने उंबरठा ओलांडला की आईने दार लोटून घ्यायचं आणि मागे राहिलेली भांडी घासायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरी बायका जमतात, सुनेच्या तोंडावरचा पडदा उचलतात, ती एकेकीला वाकून सलाम करते, आणि आईला ते सगळं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावं लागतं. मतलूबाच्या लग्नानंतर तिच्या आईने खोदखोदून विचारलं होतं. शेजारी कोण बसलं होतं? कुणी पाणी दिलं का गं? सासू काय म्हणाली? मतलूबाने सांगितलं, सगळं छान झालं. खरं म्हणजे ती दुपारपर्यंत जड पडद्याखाली उभी होती आणि पाण्याची आठवण कुणालाच झाली नव्हती. सरकारी स्टुडिओतल्या माणसाने जोडप्याचा एक फोटो काढला होता. त्यात दोघं नीट दिसत होती, बाकी काही दिसत नव्हतं.

लेकी सांगत नाहीत, हे मतलूबाला असं स्वतःवरूनच माहीत होतं. निगोराही सांगणार नव्हती.

पहिल्यांदा बोतिर आला. शहरात त्याचं मोठं नाव होतं. ताश्कंदला शिकून आलेला, दाढी कोरलेली, काखेत चामड्याचा अल्बम. अंगणात तुतीखालच्या रुंद लाकडी बाजेवर बसून त्याने अल्बम उघडला आणि निगोरा त्यावर ओणवीच झाली. नवरी कारंज्यापाशी, नवरी गव्हाच्या शेतात, नवरीच्या तळहातावर मावळता सूर्य.

"आई, बघ ना! सूर्य हातात घेतलाय तिने!"

"भाजलं नाही का तिला?" मतलूबा म्हणाली आणि पानं उलटत राहिली. मग एका फोटोवर तिने बोट ठेवलं. "हे मागे कोण आहे?"

"मागे मुद्दाम धूसर केलंय, आपा. नजर नवरीवरच राहायला हवी."

"ही सासू आहे का?"

बोतिरने वाकून पाहिलं. "असेल. किंवा पडदा असेल."

"सासू आहे का पडदा हे तुलाही सांगता येत नाही?"

"आपा, लोक नवरी बघायला अल्बम उघडतात."

"माझी नवरी मी जन्मापासून बघतेय," मतलूबा म्हणाली. "आतल्या खोलीत जातोस का, पडदा उचलताना?"

"आत सगळ्या बायका. मी दारातून काढतो. नंतर तुमच्या मुलीला बाहेर बागेत आणून तोच प्रसंग पुन्हा करून घेतो. हुबेहूब येतो. उलट जास्त चांगला येतो."

मतलूबाने त्याला आणखी एक पेला चहा दिला, सुकी जर्दाळू पुढे केली आणि विचार करून कळवते म्हणाली. तिथे याचा अर्थ 'नाही' असा होतो. बोतिरला तो कळला, निगोराला कळला नाही. ती संध्याकाळभर गव्हाच्या शेताबद्दल बोलत होती.

दुसरी आली रिसोलत. बाजारामागे तिचं छोटं दुकान होतं, दिवसभर पासपोर्टचे फोटो काढायची. जाडजूड बाई, मोठ्या आवाजाची. अल्बम प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आली आणि बसायच्या आधी सामोसा खाल्ला. तिच्या फोटोंत कुणाचे पाय कापलेले, कुणाचे डोळे मिटलेले. पण माणसं होती. एका फोटोत नवरी सलाम करत होती आणि मागे दोन जावा एकमेकींच्या कानात काहीतरी सांगत होत्या. दुसऱ्यात पडदा उचललेल्या मुलीच्या हातून चहाचा पेला कलंडला होता आणि शेजारची म्हातारी तिच्याकडे न बघता स्वतःच्या झग्याचं टोक झटकत होती.

"हिला रागावले का गं नंतर?" मतलूबाने विचारलं.

"मला काय ठाऊक! माझी फिल्म संपली."

"आणि हिच्या सासूचं डोकंच कापलंस तू."

"तिचं डोकं तिला आयुष्यभर बघायचंय, आपा. एक दिवस नाही दिसलं तर काय बिघडलं?"

मतलूबा खूप दिवसांनी मोकळी हसली. बाजेच्या दुसऱ्या टोकाला निगोरा तोंड फुगवून बसली होती. रिसोलत गेल्यावर ती उसळली. "पासपोर्टवाली! माझ्या लग्नाला! सगळ्या मैत्रिणी बोतिरकडून काढून घेतात. तू एकच गोष्ट मागून घेतलीस आणि तीही माझ्या वाईटावर!"

"मी माझ्यासाठी मागितली," मतलूबा म्हणाली.

"लग्न तुझं आहे का?"

 मतलूबा पेले विसळायला उठली. नवरा तोहिर खरबुजांची गाडी घेऊन फरगानाला निघाला होता. त्याने दारातूनच विचारलं, "काय झालं?" दोघीही म्हणाल्या, "काही नाही." तो सुटल्यासारखा निघून गेला.

गल्लीतल्या गोष्टी गल्लीत राहत नाहीत. शेजारची इनोबत आपा कुणाकडे तरी बोलली, ती कुणाकडे बोलली, आणि चौथ्या पाचव्या तोंडाने बातमी सनोबरच्या घरी पोचली. एका सकाळी सनोबर झाकलेलं ताट घेऊन दारात उभी. न बोलावता विहिणीने येणं म्हणजे काहीतरी बिनसलेलं. मतलूबाने गादी झटकली, जेवणाचा दस्तरखान पसरला, चहा ओतला. सनोबरने पेल्याला हात लावला नाही.

"बोतिरला नाही म्हणालात असं ऐकलं."

"म्हणाले."

"आमच्या नणंदेच्या मुलीचं त्यानेच काढलं. अख्ख्या मोहल्ल्याने बघितलं. आणि आमच्या घरी पासपोर्टवाली?"

"तुम्हीच म्हणालात, मी निवडायचं."

"म्हणाले की! पण मला वाटलं, कुणी चांगला बघाल." सनोबर जरा पुढे सरकली. तिचा आवाज खाली आला. "विहीणबाई, खरं सांगा. ती बाई आत येणार, चुलीपर्यंत येणार, कोण काय बोललं ते बघणार. माझ्या घरात हेर पाठवताय का?"

अशा प्रश्नाला नाही, छे, काहीतरीच काय, असं म्हणायचं असतं. मतलूबाही ते म्हणायला निघाली होती. पण तिच्या तोंडून निघालं, "हो."



"मी येऊ शकत नाही," मतलूबा म्हणाली. "मग कोण बघणार? पोरगी मला काही सांगणार नाही. मी तरी कुठे सांगितलं होतं."

अंगणात कोंबडी रोप उकरत होती. तिला हाकलायला कुणीही उठलं नाही. सनोबरने पेला उचलला, गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि पेला पालथा घातला.

"येऊ दे तिला," ती म्हणाली. "खोलीत, चुलीपाशी, कोठीत, जिथे घुसायचं तिथे घुसू दे. सनोबर कॅमेऱ्याला भ्याली, असं कुणी म्हणायला नको." आणि ताट तिथेच टाकून गेली. ताटात गरम मांती होत्या. मतलूबाने त्या खाल्ल्या. कणीक पातळ लाटलेली होती आणि सारणात कांदा पुरेसा होता.

निगोरा आठवडाभर आईशी जेवढ्यास तेवढं बोलली. लग्नाच्या दिवशी निघताना मात्र तिने आईची मान इतकी घट्ट धरली की बायकांना सोडवावी लागली. गाड्या गेल्या, कर्ण्यांचा आवाज वळणाआड गेला. मतलूबाने दार लोटलं. भांडी पुष्कळ होती.

फोटो धुऊन यायला बरेच दिवस लागले. मधे निगोरा माहेरी येऊन गेली. आईने विचारलं, तिने सांगितलं, "सगळं छान झालं." अगदी तेच शब्द.

मग रिसोलत पिशवी घेऊन आली. इनोबत आपाही लगेच आली, तिला वास येतोच. तिघींनी फोटो बाजेवर पसरले. पाय कापलेले होते, दिव्याचा उजेड एका बाजूला पांढरा फुटला होता. आणि प्रत्येक फोटोत सनोबर होती. सनोबर सुनेला वारा घालतेय. सनोबर स्वतःच्या हाताने तिच्या ओठांना पेला लावतेय. सुनेच्या पाठीमागे उशी सरकवतेय, आणि सरकवताना मान वळवून थेट कॅमेऱ्याकडे बघतेय. एका फोटोत सनोबरची बहीण काहीतरी बोलायला तोंड उघडतेय आणि सनोबरने तिचा दंड धरलाय.

"बाप रे, काय त्या बाईने मला छळलं!" रिसोलत म्हणाली. "पाणी देताना मी दुसरीकडे बघत होते, तर म्हणाली, थांब, पुन्हा देते. पोरीने त्या सकाळी किती पाणी प्यायलं असेल देवच जाणे."

इनोबत आपाने नाक मुरडलं. "नुसता देखावा! तुला दाखवायला केलंय सगळं, मतलूबा. तुला कळतंय ना?"

"कळतंय की," मतलूबा म्हणाली. उशीचा फोटो तिने जवळ घेतला आणि बराच वेळ पाहिला. विहिणीची नजर सरळ तिच्यावर रोखलेली होती, आता तरी समाधान झालं का, असं विचारणारी. मतलूबाला ती बाई आवडायला लागली.

फोटो गोळा करत तिने रिसोलतला विचारलं, "पाळण्याच्या समारंभाचे फोटो काढतेस का गं?"

"काढते. कुणाकडे आहे?"

"आमच्याकडे."

"निगोराला दिवस गेले?" इनोबत आपा ताठ बसली.

"अजून कशाचं! पण जातील तेव्हा जातील." मतलूबाने पिशवीची गाठ मारली. "तू येणार, एवढं विहीणबाईंच्या कानावर आत्तापासून घालून ठेव. अधूनमधून त्यांच्या गल्लीतून जात जा. कॅमेरा गळ्यात असू दे."